इक कोम!

फेल्डहोवनमधल्या आमच्या शेजारच्या काकू कुठूनही निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. डचमध्येसुद्धा नाही. दारात उभं राहून त्या खणखणीत आवाजात सांगतात, ‘‘इक कोम!’’ म्हणजे ‘मी येते’. समोरचा डच माणूस बिचारा वाट बघत राहतो.

‘‘काकू, इथे निरोप घेताना ‘टॉट सीन्स’ म्हणतात.’’

‘‘म्हणू देत. निघताना ‘जाते’ म्हणू नये. मी आपली येतेच म्हणणार.’’

नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांना मास्ट्रिख्टला नेलं. जुन्या तटबंदीवरून कानटोपी घालून त्या आमच्या पुढे पळत होत्या. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या टेकड्यांत भटकून गारठलो आणि एका शेतघरातल्या छोट्या कॅफेत कॉफी प्यायला शिरलो. निघताना काकू म्हणाल्याच, ‘‘इक कोम!’’

आम्ही गाडीत बसलो, पट्टे लावले, तरी तिथल्या आजी दार उघडं धरून उभ्याच. घरातली सगळी ऊब बाहेर चाललेली.

‘‘काकू, त्या तुमची वाट बघतायत.’’

काकूंनी पट्टा सोडला. ‘‘मग बसलायत काय? येते म्हटलंय ना मी!’’

दुसऱ्या कॉफीबरोबर सफरचंदाचा केकही आला. निघताना काकू पुन्हा दारात थांबल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत आजींनी तिसरी कॉफी ओतायला घेतली होती.