इटलीवाल्याची बाटली

माझा नवरा दारूनं गेला. लोकांची धुणी धुऊन मी पोरगा वाढवला. आता परदेशात, किचनर गावी, त्याच पोराच्या बेसमेंटात मी दारू सांभाळते.

दारू कोपऱ्यावरच्या इटलीवाल्या म्हाताऱ्याची. तिकडं त्याच्या भावाचा द्राक्षाचा मळा होता. भाऊ गेला, त्याच्या हातची ही लाल वाइनची शेवटची बाटली राहिली. म्हाताऱ्याच्या फ्लॅटात हीटरनं उकडतं, म्हणून आमच्याकडं आडवी निजवलीय. रोज बर्फातनं येतो, बूट काढतो, फडकं उचलून तिला बघतो नि परत पांघरतो.

"रेडी?" मी विचारते.

"नो, नो. टेन इयर्स."

"अहो, नव्वदीला टेकलात की!"

नातीनं त्याला ते इंग्लिशमधे सांगितलं. तो गंभीरपणे काहीतरी बोलला.

"आजी, ते म्हणतात, ती तयार झाल्याशिवाय मला मरता येत नाही."

मग त्यानं शेजारच्या वॉशिंग मशीनकडं बोट केलं नि हात थरथरवून दाखवला. हादरे बसले की ती बिघडते म्हणे.

तेव्हापासनं मी मशीन लावत नाही. टबात धुते.

पोरगा ओरडतो, "आई, आता तरी हातानं धुणं सोड की!"

"हळू बोल," मी म्हणते. "अजून दहा वर्षं निजायचंय तिला."