घाबरेमामांनी निवडलेली गाडी

घाबरेमामा कुठल्याही गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. अंथरुणात विंचू शिरल्याचा संशय आला की माणूस जसं एकेक पांघरूण उचलून बघतो, तसं. चारही टायरांना हात लावायचे, गुडघे टेकून खाली बघायचे, कुठे तेल ठिबकलंय का ते बोटानं चाचपायचे आणि मगच दार उघडायचे. वऱ्हाड खोळंबलेलं असो की नवरदेव आत घामाघूम झालेला असो, फेरी चुकायची नाही. एस्टीत ते तीस वर्षं ड्रायव्हर होते आणि त्यांच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती. तरी सगळं रहिमतपूर त्यांना घाबरेमामाच म्हणायचं. त्यांना त्याचा राग नव्हता. "भ्यालेलाच डायवर घरी येतो," एवढंच म्हणायचे.

माझी आणि त्यांची गाठ भीतीनंच घालून दिली. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी मेढ्याला शाळेत शिक्षक होतो. आदल्या वर्षी माझ्या बायकोला, सुनंदाला, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. साताऱ्याला न्यायला जीप मिळेपर्यंत तीन तास गेले. सुनंदा वाचली, बाळ गेलं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही. मग तिला पुन्हा दिवस गेले आणि माझी झोप उडाली. वर्गात शिकवताना रस्त्यावरून एखादी गाडी गेली की माझा खडू थांबायचा. आत्ता कळा लागल्या असत्या तर ही थांबली असती का, हाच विचार.

दाराशी स्वतःची गाडी हवी, एवढं मी ठरवलं. फंडातून काढलेले आणि सुनंदाच्या पाटल्या मोडून आलेले मिळून पन्नास हजार होते. नव्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. जुनी घ्यायची तर फसवणुकीची भीती, कारण ड्रायव्हिंग शिकून मला जेमतेम महिना झाला होता आणि बॉनेटखालचं मला ओ की ठो कळत नव्हतं. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं घाबरेमामांचा रहिमतपूरचा पत्ता दिला.

किती पैसे आहेत, हे मामांनी आधी विचारलंच नाही. "गाडी कशाला पायजे, गुरुजी?" मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येतो म्या. पन एक ऐका. गाडी आवडली तर मला सांगू नका. आवडली की मानूस भ्यायचं सोडतो."

आणि पहिलीच गाडी मला आवडली. साताऱ्याच्या एका एजंटाच्या आवारात ती उभी होती. पांढरीशुभ्र, आतून नवी कापडी शिटं, किंमत आमच्या आवाक्यातली. एजंट म्हणाला, "डोळे झाकून घ्या, सर." मामांनी डिकी उघडली, आतली चटई उचलली आणि पत्र्याच्या एका रेघेवरून नख फिरवलं.

"ही एक गाडी न्हाई, गुरुजी. फुडचं धड एकीचं, मागचं दुसरीचं. मधी जोड दिलाय."

एजंटाचं हसू मावळलं. आवाराच्या फाटकाशी दोन दांडगट माणसं येऊन उभी राहिली आणि त्यांतल्या एकानं फाटक लोटून घेतलं. "म्हाताऱ्या, तोंड आवर," एजंट म्हणाला. "इसार देऊन मगच बाहेर पडायचं." माझ्या खिशात पैसे होते. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे हात चक्क थरथरत होते. तेच थरथरते हात जोडून ते पुढे झाले.

"लेकरा, म्या भित्रा मानूस हाय. तुज्याशी भांडायची माजी ताकद न्हाई. पन ह्या गाडीतनं एक पोटुशी बाई घाट उतरनार हाय. तूच सांग, घेऊ?"

 एजंटानं मान फिरवून हातानंच खूण केली आणि फाटक उघडलं. बाहेर आल्यावर मामा रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसले. पाणी मागितलं. मी रडवेला होऊन म्हणालो, "मामा, मला गाडीच नको." ते म्हणाले, "आता कुटं तुमी गाडी घ्यायला लायक झालाय."

त्यानंतर सहा गाड्या नापास झाल्या. फलटणच्या एका गाडीचं स्टिअरिंग त्यांना सैल वाटलं, कोरेगावच्या एकीचा धूर निळा निघाला. इकडे सुनंदाला सातवा लागला. रोज संध्याकाळी ती विचारायची, "मिळाली?" मी नाही म्हटलं की पोटावर हात ठेवून आत जायची. मला मामांचा राग येऊ लागला होता.

शेवटी सांगलीला एक फियाट कळली. मालक पेठेतले कापडाचे व्यापारी, वयस्कर जैन गृहस्थ. सगळे त्यांना आप्पा म्हणत. गाडीचा राखी रंग विटला होता. आप्पांनी आपणहून सांगितलं, "डावं मागलं दार आतनं उघडत न्हाई. तिसरा गिअर कुरकुरतोय. थंडीत चोक ओढून दोनदा किल्ली मारावी लागती." मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालकानं तीन दोष सोताहून सांगितलं. चवथा नसंल. तरी बगू."

मोकळ्या माळावर त्यांनी मला गाडी पळवायला लावली, मध्येच ब्रेक मारायला लावले, चाकं एका बाजूला ओढतात का ते उतरून मातीतल्या खुणांवरून पाहिलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. साठीचा तो माणूस मागच्या शिटावर कुशीवर आडवा झाला. गुडघे पोटाशी घेतले, एक हात पोटावर ठेवला.

"आता खराब रस्त्यानं चला, गुरुजी. सावकाश."

अर्धा तास मी खड्ड्यांतून गाडी नेत होतो आणि मागून आवाज येत होता, "ह्यो बसला कमरंला... ह्यो न्हाई बसला... हां." आप्पा शेजारी बसले होते, ते एकदाही हसले नाहीत. उतरल्यावर मामा कपडे झटकत म्हणाले, "बाईमानसाला सोसंल. घ्या ही." आप्पांनी सांगितलेल्या किमतीतून दार दुरुस्तीचे म्हणून हजार रुपये कमी केले.

नववा लागला तसे मामा पिशवी घेऊन मेढ्याला आमच्याकडे राहायलाच आले. "तुमी नवशिकं. त्यात सोताची बायको मागं वरडत आसनार. भ्या पायात उतरलं की पाय ॲक्सिलेटरवर पडतो." पंधरा दिवस ते ओसरीवर झोपले.

पौषातल्या एका सकाळी सहाच्या सुमारास कळा आल्या. दार उघडलं तर समोरचं घर दिसेना, एवढं धुकं. मामांनी घाटात गाडी वीसच्या वर नेली नाही. मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून सुनंदा कण्हत होती. तिनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. "परत तसंच होणार का हो?" तिनं विचारलं. त्या दिवसाबद्दल ती प्रथमच बोलली. माझा धीर सुटला. "मामा, जोरात चालवा! माझं मूल मरेल!" मी ओरडलो. मामांनी मागे पाहिलं नाही, वेगही वाढवला नाही.

पुढच्याच वळणावर त्यांनी ब्रेक लावला. काचेपासून दोन हातांवर लाकडांच्या ओंडक्यांची टोकं होती. बंद पडलेला ट्रक रस्त्यातच उभा होता, मागे दिवा नाही, माणूस नाही. गाडी जोरात असती तर ते ओंडके काच फोडून आमच्यापर्यंत आले असते.

दरीच्या बाजूनं जेमतेम गाडीपुरती जागा होती. "गुरुजी, टावेल घेऊन उतरा. कडंकडंनं चाला. तुमचा पाय जितं घट टेकंल तितंच माजं चाक येनार." मी पांढरा टॉवेल धरून उलटा चालू लागलो. एका पावलाखाली डांबर, दुसऱ्याखाली सुटी खडी. दरी दिसत नव्हती, पण खडे खाली जाताना ऐकू येत होते. धुक्यातून दोन पिवळे दिवे माझ्या अंगावर येत होते आणि त्यांच्यामागे माझं सगळं होतं.

साताऱ्याला पोचलो. तासाभरात मुलगी झाली. रडली. तिचं ते रडणं ऐकून मी बाहेर धावलो, तर मामा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. कुणीतरी दिलेला चहा त्यांच्या हातून सांडत होता. "गुरुजी, तुमी वरडला ना," ते म्हणाले, "तवा म्या बी मनात वरडत हुतो. पन पायाला सांगितलं न्हाई."

चार वर्षांनी माझी बदली सांगलीला झाली. निरोप घ्यायला मी रहिमतपूरला गेलो. मामांची डावी बाजू पक्षाघातानं लुळी पडली होती. बोलणं तुटक झालं होतं. "फिरवून आना," एवढं ते म्हणाले. मी त्यांना उचलून फियाटच्या पुढच्या शिटावर बसवलं आणि कोरेगावच्या रस्त्याला लागलो.  त्यांच्या शेजारी गाडी चालवणं ही परीक्षाच होती. ते मात्र एक शब्द बोलले नाहीत. मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

परत येऊन दाराशी थांबलो. मामी बाहेर आल्या, खिडकीतून आत वाकल्या आणि तिथंच थबकल्या.

"आवं, ह्ये झोपल्यात?" त्या हळूच म्हणाल्या. "उभ्या जन्मात दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत ह्यांनी कवा डोळा लावला न्हाई, गुरुजी. आमच्या लग्नातबी न्हाई."

मी उठवायला हात पुढे केला. मामींनी मानेनंच नको म्हटलं. त्या पायरीवर बसल्या आणि मी तसाच बसून राहिलो, मामांना जाग येईपर्यंत.