शार्डोनेच्या बागेतला बंद पंखा

काळवंडलेल्या कोंबांच्या त्या रांगा अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. खरं तर कोंबांपेक्षा त्या प्रकरणातली माणसं आठवतात आणि माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "आधी बीपीची गोळी घे, मग सांग." गोळी घेऊन लिहायला बसलो आहे.

मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत शेरीफच्या खात्यात डिटेक्टिव्ह होतो. एम.एस. करायला आलेला साताऱ्याचा मुलगा पोलिसात शिरला हे आमच्या घरी कोणालाच पचलं नाही. आई लोकांना "तो तिकडे सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायची.

२००५-०६चा सुमार असेल. समुद्रावरून धुकं चढून येणाऱ्या एका थंड टेकडीवर ही बाग होती. तिथल्या शार्डोने द्राक्षांची वाइन भलतीच महाग. मला त्यातलं काही कळत नाही; पार्टीत ग्लास धरून मी नुसती मान डोलावतो. पण मालकाने समजावून सांगितलं होतं. थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकतं, त्यातला आंबटपणा टिकतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भाळतं. धोका एकच. शार्डोनेला कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलातली एखादी गोठवणारी पहाट ते करपवून टाकते. म्हणून बागेत उंच खांबावर विमानासारखा पंखा असतो. पारा उतरला की त्याचं गॅसवर चालणारं इंजिन आपोआप सुरू होतं आणि वरची उबदार हवा खाली ढकलली जाते.

अशाच एका पहाटे पंखा फिरलाच नाही. सकाळी मालकाचा फोन आला तेव्हा सगळ्यात उत्तम वाइन देणारा बागेचा तुकडा करपून गेला होता.

आम्ही गेलो, फोटो काढले, जागेची पाहणी केली. इंजिनाचं लाल बटण दाबून बंद केलेलं. शेजारच्या गॅसच्या टाकीचा कॉकही घट्ट फिरवलेला आणि त्यावर झाकण नीट बसवलेलं. काही तोडफोड नाही. मालक म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत हा कॉक आम्ही कधीच बंद करत नाही."

संशयित त्याने आधीच ठरवून टाकला होता. बागेचा मेक्सिकन मुकादम. त्याने पगारवाढ मागितली होती, ती नाकारली होती, झालं. मुकादम बायकोसह बागेतल्याच घरात राहायचा आणि त्याचा व्हिसा याच नोकरीवर होता. मालकाने त्याला शनिवारपर्यंत घर रिकामं करायला सांगितलं. म्हणजे नोकरी गेली, छप्पर गेलं आणि देशही गेला.

चौकशीत मुकादम एकच सांगत राहिला, "संध्याकाळी मी तपासलं तेव्हा सगळं चालू होतं. हिवाळाभर मी त्या वेलींची छाटणी केली. मीच त्यांना कशाला मारू?"

मग कुंपणापलीकडच्या नव्या घरांमध्ये विचारपूस केली. पहिल्याच दारावर तोरण. आत पुण्याचा एक सॉफ्टवेअर इंजिनीअर, बायको आणि तान्हं बाळ. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून गडी खूश झाला.

"अरे वा, आपला माणूस! बसा ना काका, चहा टाकतो."

मी तेव्हा जेमतेम चाळिशीचा. 'काका' घोटभर चहाबरोबर गिळला.

"तो पंखा म्हणजे वैताग आहे हो," तो म्हणाला. "पहाटे हेलिकॉप्टर उतरल्यासारखं वाटतं. बाळ दचकून रडतं. काउंटीकडे कम्प्लेंट केली, तर म्हणे शेतीला परवानगी आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काल अंधार पडल्यावर तो मुकादम टाकीपाशी काहीतरी करत होता. मी पाहिलं ना."

खबर पक्की होती. मालकही खूश. आता मुकादमाला अटक करायची, एवढंच उरलं होतं.

त्या दिवशी घरी जेवायला बसलो. सासूबाई नुकत्याच कोल्हापूरहून आल्या होत्या. ओट्यामागे वाकून त्या काहीतरी शोधत होत्या.

"जावईबापू, तुमचा गॅस मागून कुठनं बंद करायचा?"

"आई, बटण फिरवलं की झाला बंद."

"बटणावर भरवसा ठेवून झोपता तुम्ही? धन्य आहे!"

मी घास हातात धरून बसलो. इथे कुठल्या घरात कोण रोज गॅस मागून बंद करतं? सिलिंडरच्या घरात वाढलेला माणूस करतो. त्याचा हात आपोआप तिकडे जातो. झाकणही बसवतो.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअरला ठाण्यावर बोलावलं. हक्क वाचून दाखवले, टेप सुरू केला, सहकारी शेजारी बसला. इंजिनीअर इंग्रजीत खणखणीत उत्तरं देत होता. मग मी मुद्दाम मराठीत आलो आणि साफ खोटं बोललो.

"ज्याने कोणी केलं तो महामूर्ख. बटण दाबलं आणि टाकीचा कॉक उघडाच टाकला. गॅस गळाला असता तर? तुमच्या घरात तान्हं बाळ आहे."

"शक्यच नाही!" तो ताडकन म्हणाला. "कॉक मी स्वतः घट्ट... मी काय एवढा बेजबाबदार वाटलो तुम्हाला?"

सहकाऱ्याला मराठीचा गंध नव्हता, तरी त्याने पेन खाली ठेवलं.

इंजिनीअर रडकुंडीला आला. "काका, माझं ग्रीन कार्ड अडकेल हो. एक रात्र बाळ झोपावं एवढंच मनात होतं."

बाळाचं मी समजू शकत होतो. रागाच्या भरात दाबलेलं बटणही समजू शकत होतो. "आणि त्या मुकादमाचे कागद?" मी विचारलं. "त्याला टाकीपाशी पाहिलं म्हणून का सांगितलंत?"

"त्याच्यावर संशय होताच ना आधीपासून," तो म्हणाला.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत टेबलावर मूठ आपटावीशी वाटली ती तेव्हा. आपटली नाही, टेप चालू होता.

गुन्हा दाखल झाला. महाराष्ट्र मंडळाचे दोघे घरी येऊन गेले. "आपल्याच माणसाला असं करतात का हो?" मी म्हणालो, "त्यानेही शेजाऱ्याला असं करायचं नव्हतं." त्या वर्षी गणपतीचं आमंत्रण आलं नाही. बायकोला मोदक घरीच करावे लागले आणि प्रत्येक मोदकाबरोबर तिने मला ते ऐकवलं.

कबुली मिळाली त्याच आठवड्यात मुकादमाला ही बातमी द्यायला मी मालकाबरोबर त्याच्या घरी गेलो. पिकअपमध्ये गादी, भांडी, खुर्च्या चढवून झाल्या होत्या. मालकाने हात पुढे केला. "तू निर्दोष आहेस. नोकरी परत घे, घरही राहू दे."

मुकादमाने गादीची दोरी आवळली. "इतकी वर्षं तुझी बाग राखली," तो म्हणाला, "आणि मी कसा आहे हे तुला पोलिसांकडून कळलं." शेजारच्या खोऱ्यातल्या एका बागेने त्याला बोलावलं होतं, व्हिसाचंही तेच बघणार होते. नवराबायको गाडीत बसून निघून गेले.

मालक मला म्हणाला, "बघा, थँक यूसुद्धा नाही."

मला या प्रकरणाने शिकवलं ते हेच. निर्दोष माणसावरचा आळ काढला की आपल्याला वाटतं, आपण त्याला काहीतरी दिलं. अहो, ते त्याचंच होतं. आपण ते हिसकावून घेतलं होतं आणि चुरगाळून परत करत होतो. आभार कसले मानायचे?