शेवटचा येईस्तोर

इरा आणि निहार, तुम्ही दोघं मेलबर्नला बसून हे गूढ अनुभवांचं सदर फोनवर वाचता आणि दर वेळी मला विचारता, "आजी, तुझ्याकडे अशी एकही गोष्ट नाही का?" मी दर वेळी नाही म्हणते. गेल्या हिवाळ्यापासून ते खोटं आहे... म्हणून आज इथेच लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण लिहिते आहे तुमच्यासाठी.

आधी माझी बाजू सांगते. मी छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. माझे वडील मंगळवेढ्याकडच्या खेड्यातून सोलापूरच्या गिरणीत आले, आणि अंगारा, गंडा, उतारा यांतलं काहीही त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. रविवारी मला विहारात न्यायचे आणि परतताना विचारायचे, "आज ऐकलंस त्यातलं काय पटलं नाही, ते आधी सांग." त्या वळणात वाढलेली मी. शेजारच्या बायका पिंपळाखालून जाताना पदर सावरायच्या तेव्हा मला हसू यायचं. आजही येतं. तेव्हा मी घाबरट किंवा भोळी आहे असं समजून पुढचं वाचू नका.

आपल्या भुईकोट किल्ल्यातली बाग तुम्हाला आठवत असेल. निहार, तू जिथे झोपाळ्यावरून पडून गुडघा फोडून घेतलास, तीच. तुमचे आबा तिथे गेले की हमखास सुरू व्हायचे — पेशवाईच्या अखेरीला इंग्रजांशी इथे कशी लढाई झाली, बाहेरची फौज कशी निघून गेली आणि आतले लोक कसे तटावर उभेच राहिले. तुम्ही तेव्हा आइस्क्रीम खात होतात, त्यामुळे ऐकलं नसणार.

माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली दर जानेवारीतल्या एका रविवारी एक छोटी मॅरेथॉन भरवते. मॅरेथॉन म्हणायची, पण आहे पाचच किलोमीटरची. पार्क चौकातून निघायचं, तळ्याच्या कडेनं किल्ल्यात शिरायचं, तटाला लागून असलेल्या वाटेनं शेवटच्या बुरुजाला वळसा घालायचा आणि परत. त्या बुरुजापलीकडे टर्निंग पॉइंट. तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी बांधायची. पट्टी नसेल तर शेवटी मेडल नाही. वैशालीचं माहेर चादरींच्या कारखान्याचं, त्यामुळे चादरीची कापून उरलेली लाल किनार पट्ट्यांना कामी येते.

तो टर्निंग पॉइंट माझ्याकडे होता. एक टेबल, एक खुर्ची, पट्ट्यांचा डबा. स्वयंसेवकांसाठी सूचनांचा कागद मीच टाइप केला होता आणि त्यातली चौथी सूचना अशी होती: "शेवटचा धावपटू जाईपर्यंत कोणीही आपली जागा सोडू नये." जाड अक्षरात.

गेल्या जानेवारीत आबांनीही नाव नोंदवलं. वय चौऱ्याहत्तर. मी म्हटलं, चालत या, धावू नका. ते म्हणाले, "हेडबाई, माझ्या पायांचं मला बघू द्या की." त्यांचा फोन, चष्म्याची डबी, घराची किल्ली, सगळं माझ्या पर्समध्ये. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी कालवे मोजण्यात गेलेला माणूस, पण स्वतःच्या खिशात कधी काही ठेवायचा नाही.

सव्वासातपर्यंत गर्दी ओसरली. यादीवर तिघं उरले होते — आबा, आणि दोघी बायका. त्यातली एक आपल्या गल्लीतली लक्ष्मीअक्का. ती साडीवर बूट घालून सुनेबरोबर गप्पा मारत चालणार, म्हणजे उशीर ठरलेलाच.

सात वीसला आबा आले. पण वाटेनं नाही... झोपाळ्यांच्या मधून, हिरवळीवरून, सरळ माझ्या टेबलाकडे. बुरुजाचा वळसा चुकवून. अंगातला शर्ट घामानं भिजलेला. हसत हसत बाही वर केली आणि मनगट माझ्यासमोर धरलं.

"बांधा."

"अहो, तुम्ही वळसा घातला नाही."

"दीडशे पावलं वाचवली फक्त. मोजून सांगतो."

"दीडशे असोत की पंधरा. परत जा आणि वाटेनं या."

"अगं, दम लागलाय थोडा."

"मग थांबा, बसा, पाणी प्या. पण पट्टी नाही. घरच्या माणसाला बांधली तर उद्या बाकीच्यांना काय सांगू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मनगट थोडा वेळ तसंच धरलं. मग बाही खाली केली आणि म्हणाले, "बरं. कायदा म्हणजे कायदा." आणि आले तसेच परत गेले.

पोरांनो, तुमच्या आईला मी फोनवर सांगितलं होतं की बाबांना रेसमध्ये चक्कर आली. मी त्यांना परत पाठवलं होतं, हे सांगितलं नव्हतं. आता ती हे वाचेल. वाचू दे.

तो वळसा पाच मिनिटांचा. हळू चाललं तर आठ. सात चाळीस झाले. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. बुरुज मध्ये असल्यामुळे वाट दिसत नव्हती. वैशालीला फोन केला. ती म्हणाली, "येतील हो बाई, आबा काहीतरी बघत उभे असतील." तेही खरंच होतं, दगडावरचं कोरीव काम दिसलं की ते जेवण विसरायचे. मी पट्ट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या सारख्या केल्या. मोडल्या. पुन्हा सारख्या केल्या.

"शेवटचा गेला का?"

बुरुजाच्या पायऱ्यांपाशी एक माणूस उभा होता. चाळिशीचा असेल. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मळकं मुंडासं, पाय अनवाणी. माढ्या-मोडनिंबाकडून बाजाराला येणारी म्हातारी माणसं अशी दिसतात, हा त्या मानानं तरुण. मला वाटलं, किल्ल्याचा रखवालदार. रात्रपाळी संपवून निघालेला.

"नाही. तिघं यायचे आहेत."

"मंग थांबाया लागतंय."

"हो. बसा की," मी खुर्ची पुढे केली.

"न्हाय. बसायचं न्हाय आमाला." तो तटाकडे पाठ करून उभाच राहिला. मग डब्याकडे बोट केलं. "हे काय?"

मी सांगितलं. जो इथवर येतो त्याच्या हाताला बांधायचं.

"आल्याची खूण. चांगलंय." थोड्या वेळानं म्हणाला, "तुमी कुटल्या?"

"माहेर मंगळवेढ्याकडचं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "व्हय? ज्वारी निसवली असंल की आता. लई गोड हुरडा तितला. यंदा बघायला गावलंच न्हाय."

मला बोलण्यात रस नव्हता. मी पुन्हा घड्याळ पाहिलं. सात अठ्ठेचाळीस.

"तुमचं ध्यान हितं न्हाय, बाई."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. "माझे यजमान पलीकडे गेलेत. मीच पाठवलंय. आले नाहीत."

"मंग जावा की!"

"जागा सोडता येत नाही. शेवटचा येईपर्यंत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. थट्टा नव्हती त्या नजरेत. उलट कोणीतरी आपलं भेटावं तसा बघत होता. "आमच्यात बी असंच," तो म्हणाला. "बदली आल्याबिगर हलायचं न्हाय."

गिरणीवाल्या वडिलांची मुलगी मी. पाळीवर आपल्या जागी येणारा माणूस म्हणजे बदली, हे मला कुणी सांगायला नको. मी सहज विचारलं, "तुमचा बदली आला नाही का अजून?"

"न्हाय की अजून." तक्रार नव्हती. एसटीला उशीर झाला हे सांगावं तसं. मग तो टेबलाशी आला. "तुमी जावा. मी हाय हितं. शेवटचा येईस्तोर मी हालत न्हाय."

ज्या माणसाचं नाव मला माहीत नाही, ज्याच्या अंगावर स्वयंसेवकाचं जाकीट नाही, त्याच्या हातात मी डबा दिला. मी! तुमच्या आईला विचारा, मी घराची किल्ली शेजारी ठेवताना चिठ्ठी लिहून देते. पण त्या क्षणी मला एकदाही शंका आली नाही. त्याचे हात डब्याखाली आले तेव्हा बोटांना बोटं लागली. माझीच गार होती, त्याची नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत नेहमी उलटं असतं.

मी धावले. एकोणसत्तराव्या वर्षी, साडीचा ओचा हातात धरून. त्या दिवसाची माझी मॅरेथॉन तेवढीच.

आबा बुरुजाच्या मागच्या अंगाला, तटाचा चिरा निखळलाय तिथे, बसले होते. चेहरा राखेसारखा. एक हात छातीवर, जबडा आवळलेला. मला पाहून दुसरा हात पुढे केला. बाही वर केलेली होती.

"वळसा घातला बरं का... अर्धा. आता तरी बांध."

माझ्याकडे एकही पट्टी नव्हती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी वैशालीला फोन केला, शेवटच्या रेषेपाशी उभी असलेली अँब्युलन्स किल्ल्याच्या दारापर्यंत आली, आबांना खुर्चीत बसवून बाहेर नेलं. दवाखान्यात दुपारपर्यंत एक स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मी मान डोलावली. वेळेवर कोणी पाठवलं ते त्यांना काय सांगणार?

संध्याकाळी वैशाली आली, बरोबर लक्ष्मीअक्का. अक्काच्या मनगटावर पट्टी तशीच.

"अहो बाई, तुमचे ते काका कोण? किती घट्ट बांधतेत! सुनेची कात्रीनं कापली मी. माझी राहू दिली, म्हटलं तुम्हाला दाखवावी."

"कोणते काका?"

"तुमच्या टेबलापाशीचे की. खुर्ची रिकामी, आणि हे उभे. मी विचारलं, बाई कुठायत? तर म्हणले, त्या येत्यात, तुमी जावा. मग विचारतेत, तुमच्या मागं कोण हाय का? मी म्हटलं कोणी नाही. तर म्हणले, हाय, एकजण हाय."

वैशाली माझ्याकडे बघत होती. तिनं तिथे कोणालाच पाठवलं नव्हतं. सामान गोळा करायला मुलं गेली तेव्हा साडेनऊ झाले होते. टेबलाजवळ कोणी नव्हतं. डबा खुर्चीवर होता, झाकण लावलेला. तो तिनं बरोबर आणला होता. मी उघडला. जुड्या मी ठेवल्या होत्या तशाच. सगळ्यांत वर एक पट्टी वेगळी काढून सरळ पसरून ठेवलेली.

मी नंतर जमेल तेवढी चौकशी केली. किल्ल्याच्या रखवालदाराला भेटले. त्याचा गणवेश खाकी आहे आणि तो रविवारी दारावरच बसतो. माळ्यांना रविवारी सुट्टी. घोंगडीवाला माणूस त्यांच्यापैकी कोणीच कधी पाहिला नव्हता. कोणीतरी खेडूत फिरायला आला असेल, बाईंची अडचण पाहून थांबला असेल, मग निघून गेला असेल... वडिलांच्या पद्धतीनं हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पटत आलं की एकच गोष्ट आडवी येते. अक्काला त्यानं सांगितलं ते. मागे एकजण आहे, हे मी त्याला सांगितलं होतं, खरं. पण त्या मागच्या एकासाठी, आबांसाठी, पट्टी वेगळी काढून ठेवावी, इतकं त्या माणसाचं काय अडलं होतं?

आणि दुसरं. रात्री झोप उडाली की हेच येतं. तो म्हणाला होता, शेवटचा येईस्तोर मी हलत नाही. आणि शेवटचा तिथे आलाच नाही. आबांना आम्ही दुसऱ्याच वाटेनं बाहेर नेलं. माझ्या जागी मी त्याला उभं केलं, आणि काम झालं, आता जा, हे सांगायला मी परत गेले नाही. ज्याचा बदली आधीच आला नव्हता त्याच्यावर मी आणखी एक पाळी टाकली.

महिन्यानं डॉक्टरांनी आबांना चालायची परवानगी दिली. पहिल्याच सकाळी मी म्हटलं, किल्ल्यात जाऊ. रिक्षानं गेलो. वाटेनं, तटाच्या कडेनं, अगदी हळू बुरुजाला पूर्ण वळसा घातला. निखळलेल्या चिऱ्यापाशी आबा क्षणभर थांबले. पलीकडे पायऱ्यांपाशी पोचल्यावर मी पर्समधून ती वेगळी काढलेली पट्टी काढली. त्यांनी बाही वर केली. मी बांधली. माझी गाठ सैलच असते.

मग पायऱ्यांकडे तोंड करून मी मोठ्यानं म्हणाले, "शेवटचा आला. आता तुम्ही गेलात तरी चालेल."

"कुणाशी बोलतेस?" आबांनी विचारलं.

"त्यांच्याशी."

आबांनी तिकडे पाहिलं. नेहमीसारखी थट्टा करतील असं वाटलं होतं. पण त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढली, आणि बराच वेळ घातली नाही. तिथे पायऱ्या होत्या, वाळलेलं गवत होतं, एक साळुंकी होती. त्यानं ऐकलं की नाही, ऐकायला कोणी होतं की नाही, मला माहीत नाही. अक्काच्या हातची पट्टी नंतर तिनं मला दिली, ती कपाटात आहे. कापावीच लागली, पण गाठ अजून शाबूत आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा सोडवून बघा. मला जमलेली नाही.

परवा वैशालीचा फोन आला. यंदाही रेस आहे. म्हणाली, बाई, वळणावर बसाल ना? मी हो म्हटलं. सूचनांचा कागदही पुन्हा टाइप करून दिला. चौथी सूचना तशीच ठेवली आहे.

फक्त त्या टेबलापाशी खुर्च्या दोन मागितल्या आहेत.