पाकिटातली सुरमई

करोनाच्या तापानंतर बाबांची चव गेली, असं आम्ही घरात धरूनच चाललो होतो. मालवणहून चिंचवडच्या कंपनीत आलेला हा माणूस निवृत्तीपर्यंत दर रविवारी मासळी स्वतः निवडून आणायचा. आता ताटात पडेल ते मुकाट खायचा.

मी चाकणला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. एका रविवारी घाईत फ्रोझन सुरमई कटलेटचं पाकीट आणलं. बाबांनी एक घास घेतला आणि थांबले.

“ही सुरमय नाय गो बाय.”

“बाबा, पाकिटावर लिहिलंय,” मी म्हटलं. आईने मला डोळ्यांनीच दटावलं.

ते ओशाळले. “आसात. माझीच जीभ मेली,” म्हणाले आणि उरलेलं संपवलं.

ते ओशाळणं माझ्या मनातून जाईना. सोमवारी न तळलेलं एक कटलेट बर्फात घालून लॅबला नेलं. लॅबच्या प्रमुख मॅडमना खरं काय ते सांगितलं. “सरावाचा नमुना म्हणून चाचणीला लाव,” त्या म्हणाल्या.

मासा कुटला, शिजवला, मसाल्यात मुरवला, तरी त्याच्या डीएनएचे बारीक तुकडे उरतात. त्यातला एक तुकडा वाचायचा आणि माहीत असलेल्या माशांशी ताडून बघायचा. 

उत्तर आलं: बासा. तळ्यात वाढवलेला स्वस्त मासा. मी पुन्हा लावून बघितलं. बासाच.

काळेवाडीला घरी पोचले तशी चपला न काढताच बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“मशीन चुकणा नाय मा?”

“दोनदा लावलं, बाबा. तुमचंच बरोबर होतं. माझं चुकलं.”

त्यांचे डोळे भरले होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “चपला काढ आधी.”

अन्न खात्याकडे मी रीतसर तक्रार केली. तिचं पुढे काय झालं, कळलं नाही. पुढच्या रविवारी मात्र आम्ही दोघं पिंपरीच्या मासळीबाजारात गेलो. कल्ले कसे उघडून बघायचे, बोटाने मांस कसं दाबायचं, ते बाबा मला दाखवत होते. मध्येच आवाज हळू करून म्हणाले, “वास अजून अर्धोच येता. त्या दिवशी ओळखलंय ता दातांनी. सुरमयचो धागो येगळो लागता. आवशीक सांगू नको, तिका वाटता माझी चव परत इली.”

मी आईला अजून सांगितलेलं नाही.