दाराआडचा पियानो

परदेशी, वेस्टमीडला मुलाकडे थोड्या दिवसांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. सून हॉस्पिटलात नर्स. करोनाच्या वॉर्डात ड्युटी लागली तेव्हा तिने आपणहून पुढच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. तिथे वेगळं बाथरूम होतं. कारण मी, माझं वय आणि माझा दमा. ताट दारापाशी ठेवायचं, आपण मागे सरायचं, मग ती दार उघडणार. एका घरात राहून सुनेचं तोंड दिसत नव्हतं.

तिच्या खोलीत विजेवर चालणारा पियानो होता. मुलगा हॉलमध्ये गिटार घेऊन बसायचा. दोघांची ओळखच मुळी चर्चच्या गायनमंडळातली, त्यामुळे वाजवतात हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवसांत ते जे वाजवायला लागले ते काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. दाराखालून एक वायर गेली, हॉलमध्ये लॅपटॉप मांडला गेला आणि मुलगा म्हणाला, "आई, आम्ही अल्बम करतोय."

"कुठल्या गाण्यांचा?"

"गाणी नाहीत. आधी काही ठरवायचं नाही. सुचेल ते वाजवायचं."

"आणि नाही सुचलं तर?"

"तेही वाजवायचं."

मी चौथी शिकलेली. म्हटलं, असेल काहीतरी. पहिले काही दिवस मला वाटलं, सूर जुळवतायत. भाजी चिरत गाण्याची वाट बघायचे. तासाभराने मुलगा लॅपटॉप मिटून "मस्त झालं" म्हणायचा. काय झालं? सुरुवात कुठे झाली होती? कधी तो तार नखाने खरवडायचा, कधी तारेला कपड्याचा चिमटा लावायचा. तेच चिमटे मी कपडे वाळत घालायला शोधत असायचे.

मग मी माझ्यापुरती सोय केली. आमच्या वसईत संध्याकाळी रोझरी म्हणतात, तेव्हा अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची आणि उरलेली बाकीच्यांनी. पहिल्याचं संपतं न संपतं तोच उत्तर सुरू होतं. हेही तसंच, असं मी धरलं. गिटार अर्धं म्हणते, पियानो उरलेलं. उत्तर आलं की समजायचं, सून आत धड आहे. फोनवर ती "आय एम फाइन" म्हणायची, त्यावर माझा विश्वास नव्हता. नर्सा सगळ्यांना तेच सांगत असतात.

एका आठवड्यात ती खोकायला लागली. टेस्ट दिली होती, रिझल्ट यायचा होता. संध्याकाळी गिटारने आपलं अर्धं म्हटलं. पियानो गप्प. परत म्हटलं. गप्प. मी पोळ्या करत होते. बघते तर मुलगा डोळे मिटून मान डोलावतोय, खूश.

"अरे, ती वाजवत नाहीये."

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"अरे, बघ तरी."

"आई! रेकॉर्डिंग चालू आहे. तिने गॅप सोडलीये. शांतताही म्युझिकच असते."

"बायको जिवंत आहे का ते बघ आधी. मग म्युझिक कर."

मी लाटण्याने दार बडवायला लागले. "बाय! ए बाय! तोंडातून काहीतरी काढ!" आतून काही नाही. तेव्हा मात्र मुलाचा चेहरा उतरला. गिटार हातात धरून तो ती ठेवायला जागा शोधत राहिला. मीच दार ढकललं.

सून स्टुलावर बसलेली, डोकं पियानोच्या कडेवर, हात मांडीत. मास्कच्या दोऱ्यांनी कानामागे सोललेलं. मी जवळ जाणार तोच ती दचकून उठली.

"आई, बाहेर व्हा! मास्क कुठाय तुमचा?"

एवढं ओरडतेय म्हटल्यावर माझी खात्री पटली. मी दार लावलं.

"डबल शिफ्ट झाली," ती आतून म्हणाली. "झोप कधी लागली कळलंच नाही. सॉरी रे, टेक बिघडला."

"टेक गेला खड्ड्यात," मुलगा म्हणाला आणि दाराला पाठ लावून खाली बसला. नंतर बराच वेळ दोघं नुसते बोलत होते. पोळी करपली.

रिझल्ट निगेटिव्ह आला. अल्बम पुरा झाला. त्यात ती शांतता, माझं लाटणं आणि माझं ओरडणं तसंच ठेवलंय. काढा म्हटलं, तर दोघंही नाही म्हणाली. कुणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर लिहिलं की शांततेनंतरचा तो ढोल अंगावर येतो. मुलाला म्हटलं, कळव त्याला, ढोल नव्हता. त्याने कळवलं नाही.

त्या दिवसानंतर मी सुनेला बजावलं होतं, झोपायच्या आधी पियानोची एक पट्टी दाबायची, जोरात. नाहीतर मी दार उघडणार. ती रोज दाबायची. मुलाने तो आवाजही अल्बमच्या शेवटी घातला. लोक त्याचा काय अर्थ लावतात कोण जाणे. बाकीचा अल्बम मी दोनदा ऐकला, काही कळला नाही. शेवटचा आवाज तेवढा कळतो. सून झोपायला गेली.