चार सेकंदांनी पुढं

सत्तरच्या दशकात परभणीहून बोरीला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. माझ्या ज्वारीच्या प्रबंधाची, भोकं पाडलेली संगणकाची कार्डं पाहून हसला. हैदराबादच्या एका संगणक केंद्रात त्यानं आणि त्याच्या दोस्तानं एकाच भाषेचे दोन कंपायलर, म्हणजे कार्डांवरचा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्रॅम, लिहिले होते. दर शनिवारी दोघांची शर्यत लागे.

मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारून तो म्हणाला, "चार सेकंदांनी आपलाच पुढं!"

माझी कार्डं मात्र त्याच केंद्रातून दोनदा उत्तराविनाच परत आली होती, तसं मी त्याला सांगितलं.

"मंग माझ्या दोस्ताकडं द्या. माझा लय पळतो, पर चुकलं की मुका बसतो. त्याचा चूक दाखवून देतो." उतरताना तो वळला. "मी पाठवलं म्हणू नका बरं."

दोस्ताकडं चूक लगेच सापडली. मी नाव सांगितलं नाही. मला ते ठाऊकच नव्हतं. म्हणून आजवर बिननावाचाच दुवा देत आलोय.